चारही मते एकालाच
(पनवेल येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान)



महापालिकेच्या निवडणुकीत आपण मतदान केंद्रावर जातो तेव्हा आपल्याला चार मते द्यावी लागतात. अ, ब, क आणि ड अशा चार जागा, प्रत्येकीची वेगळ्या रंगाची यादी. पांढऱ्या यादीत एक बटण दाबायचे, गुलाबीत एक, पिवळीत एक, निळीत एक. तीन बटणे दाबून कोणी निघाला तर अधिकारी त्याला परत बोलावतात, कारण चौथे मत पडेपर्यंत यंत्राचा तो लांब आवाज येत नाही. समजा एखाद्या मतदाराला एकाच उमेदवाराची खात्री आहे आणि उरलेल्या तिन्ही जागांवर कोणीच पटत नाही. त्याने काय करायचे? तीन वेळा 'नोटा' दाबायचे. आपल्या मतांचे सगळे वजन एकाच माणसामागे उभे करण्याची सोय त्या यंत्रात नाही, कारण ती कायद्यातच नाही. ती असावी, आणि ती पनवेलसारख्या शहरात आधी यावी, एवढे एकच म्हणणे मांडायला मी आज उभा आहे.

पनवेलला निवडणूक नवी नाही. १८५२ साली इथे नगरपालिका स्थापन झाली. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महापालिका झाली. जुन्या पनवेलबरोबर नवीन पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा आणि आसपासची गावे एका कारभाराखाली आली. मे २०१७ मध्ये पहिली निवडणूक झाली: वीस प्रभाग, ७८ जागा, बहुतेक प्रभाग चार-चार सदस्यांचे. निकाल लागला तो असा. भाजप ५१, शेतकरी कामगार पक्ष २३, काँग्रेस २, राष्ट्रवादी काँग्रेस २. शिवसेनेने उमेदवार दिले होते, पण तिचा एकही नगरसेवक सभागृहात पोहोचला नाही. मी मुद्दाम हा जुना निकाल घेतो. ताज्या निकालावर बोलले की श्रोते वक्त्याचा पक्ष शोधू लागतात, आणि पद्धतीचा विचार बाजूला पडतो.

या निकालात कोणी चोरी केली नाही. नियमाप्रमाणे प्रत्येक जागेवर ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी. अडचण अशी की चार जागांच्या प्रभागात त्याच मतदारांनी त्याच कलाने चार वेळा मत दिले की चारही जागा बहुधा एकाच पॅनलकडे जातात. त्या प्रभागातल्या चाळीस-पंचेचाळीस टक्के लोकांनी दुसऱ्या कोणाला मत दिले असले, तरी त्यांचा म्हणावा असा एकही माणूस सभागृहात बसत नाही. एकसदस्यीय मतदारसंघात एक जागा जाते. इथे एकाच दमात चार जातात.

राज्याच्या पातळीवर ही पद्धत काय करते, ते २०२४ या एकाच वर्षात महाराष्ट्राने दोनदा पाहिले, आणि दोन्ही वेळा फटका वेगवेगळ्या बाजूंना बसला. लोकसभेला भाजपला राज्यात २६.१८ टक्के मते मिळाली आणि जागा ९. काँग्रेसला १६.९२ टक्के मते आणि जागा १३. दोन्ही आघाड्यांची एकूण मते जवळजवळ बरोबरीची होती, दोघींचीही ४३ ते ४४ टक्क्यांच्या दरम्यान, पण जागा मात्र महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७. सहा महिन्यांनी विधानसभा झाली. शिंदे यांच्या शिवसेनेला १२.३८ टक्के मते आणि ५७ आमदार, काँग्रेसला १२.४२ टक्के मते आणि १६ आमदार. काँग्रेसने जास्त जागा लढवल्या होत्या, तिची मते विखुरली होती, हे मान्य. पण मतदाराच्या बाजूने पाहा. सारख्याच संख्येने लोक मतदानाला गेले, रांगेत उभे राहिले, आणि एका बाजूच्या माणसांना दुसऱ्या बाजूच्या साडेतीन पट आमदार मिळाले. जूनमध्ये या पद्धतीवर चिडलेले लोक नोव्हेंबरमध्ये तिचे गुण गाऊ लागले आणि आधी खूश असलेले चिडले, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणूनच हा प्रश्न कोणत्याही एका पक्षाचा मानू नये.

आपल्याच जिल्ह्यातली आणखी एक गोष्ट. २०१४ साली रायगड लोकसभा मतदारसंघात अनंत गीते सुनील तटकरे यांच्याविरुद्ध २,११० मतांनी निवडून आले. त्याच निवडणुकीत तटकरे यांच्याच नावाचा एक अपक्ष उमेदवार होता. त्याला ९,८४९ मते पडली. असे नामसाधर्म्याचे उमेदवार आपल्याकडे का उभे राहतात, याचे उत्तर मोजणीच्या पद्धतीत आहे. जिथे एका मताने सगळे मिळते आणि एका मताने सगळे जाते, तिथे समोरच्याची थोडी मते फोडण्याचा उद्योग फायद्याचा ठरतो.

आता या पद्धतीची बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण ती कमकुवत नाही. एका मतदारसंघाचा एकच आमदार असला की जबाबदारी कोणाची हे ठरलेले असते. रस्ता झाला तर त्याचे नाव, नाही झाला तर त्याचेच नाव. केवळ पक्षाच्या यादीवर मत देण्याच्या पद्धतीत हा धागा तुटतो. इस्रायलमध्ये अख्खा देश हाच एक मतदारसंघ आहे, १२० जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात, आणि एप्रिल २०१९ ते नोव्हेंबर २०२२ या काळात तिथे पाच वेळा निवडणुका घ्याव्या लागल्या. स्थिर सरकार हवे असणाऱ्याला याची भीती वाटली तर मी त्याला दोष देणार नाही. एवढेच म्हणेन की सर्वाधिक मतांच्या पद्धतीनेही महाराष्ट्राला ती स्थिरता दिलेली नाही. १९८५ नंतर इथे एकाही पक्षाला विधानसभेत स्वबळावर बहुमत मिळालेले नाही. २०१९ च्या विधानसभेने पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री पाहिले आणि दोन पक्ष उभे फुटलेले पाहिले.

पण आपल्या प्रभागांत एकाच प्रतिनिधीच्या जबाबदारीचा तो गुणही उरलेला नाही, याकडे मला तुमचे लक्ष वेधायचे आहे. खारघरच्या सेक्टरमधला रहिवासी पाणी आले नाही म्हणून चार नगरसेवकांपैकी कोणाकडे जाणार? मालमत्ता कराच्या वादात सिडको वसाहतींतल्या लोकांनी एवढी वर्षे धावाधाव केली. त्यांना जाब विचारायला एक नाव हवे होते, मिळाली चार. चौघे मिळून जबाबदार म्हणजे एकही नाही, हे प्रभागात राहणाऱ्या कोणालाही विचारा. म्हणजे एका प्रतिनिधीची जबाबदारी गेली आणि चार जागा असूनही त्या मतांच्या प्रमाणात वाटल्या गेल्या नाहीत. दोन्ही पद्धतींचे तोटे आपण घरी आणले आणि दोन्हींचे फायदे बाहेर ठेवले.

राज्य सरकारांनी प्रभागाचा आकार कसा बदलला, तेही आठवा. २००२ मध्ये तीन सदस्यांचा, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा. त्यानंतर पुन्हा एकाचा निर्णय झाला, मग तिघांचा, मग परत चौघांचा. मुंबईला मात्र एकसदस्यीय प्रभाग कायम. प्रत्येक वेळी कारण प्रशासकीय सांगितले गेले, आणि प्रत्येक वेळी लोकांनी खरे कारण ओळखले. चार सदस्यांचा प्रभाग असावा की नसावा यावर एवढी वर्षे भांडण झाले, पण चार सदस्य असतील तर मते कशी द्यावीत आणि कशी मोजावीत, हा प्रश्न कोणीच विचारला नाही.

तो प्रश्न याच मातीत एका माणसाने विचारला होता. १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा इथे अनेक मतदारसंघ बहुसदस्यीय होते आणि त्यांत संचयी मतदानाची पद्धत होती. जितक्या जागा तितकी मते. आणि ती मते मतदाराने वाटून द्यावीत किंवा सगळीच्या सगळी एकाला द्यावीत, ही त्याची मुभा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काही महिन्यांपूर्वीच, १९३६ मध्ये, स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. पैसा नव्हता, वर्तमानपत्रे विरोधात होती. पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुतेक निवडून आले. त्यांत अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, शामराव परुळेकर यांच्यासारखे सवर्ण कार्यकर्तेही होते, आणि राखीव जागांवरचे दलित उमेदवारही. त्याच वेळी अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांचा खोतांविरुद्धचा संप चालू होता, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली. १९३३ ला सुरू झालेला तो संप १९३९ पर्यंत टिकला. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधानसभेत मांडले. कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, आणि रत्नागिरी इथल्या कुळांचे दुखणे सभागृहात पोहोचले, ते पोहोचवणारे लोक तिथे निवडून आले म्हणून. आणि थोड्या लोकांनी आपली मते एकवटून आपला माणूस पाठवावा, ही सोय त्या पद्धतीत होती. हा इतिहास आपल्या जिल्ह्याचा आहे, आणि तो आपण पुरेसा सांगत नाही.

पुढे संविधान सभेत हाच प्रश्न आला. ४ जानेवारी १९४९ रोजी मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी बहुसदस्यीय मतदारसंघ आणि संचयी मत असावे अशी दुरुस्ती सुचवली. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. देशात निरक्षरता मोठी आहे, गुंतागुंतीची पद्धत मतदाराला झेपणार नाही आणि तुकड्या-तुकड्यांच्या सभागृहातून स्थिर सरकार होणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. १९४९ साली तो रास्त होता असे मला वाटते.

मग १९५२ ची निवडणूक आली. मुंबई शहर उत्तर हा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. उमेदवारागणिक वेगळी पेटी होती आणि दोन मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर एकच धरली जाई. बाबासाहेबांना १,२३,५७६ मते मिळाली, नारायणराव काजरोळकरांना १,३८,१३७. फरक १४,५६१ मतांचा. आणि त्या मतदारसंघात बाद झालेली मते ७४,३३३! कम्युनिस्टांनी दुसरे मत कुजवायचा प्रचार केला, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि सर्वसाधारण जागेवरचे समाजवादी उमेदवार अशोक मेहता निवडणूक याचिकेपर्यंत गेले. दोन वर्षांनी भंडाऱ्याची पोटनिवडणूक झाली. तोही दोन सदस्यांचाच मतदारसंघ. कार्यकर्ते बाबासाहेबांकडे आले आणि म्हणाले, आपल्या लोकांना फक्त तुम्हाला मत देऊन दुसरे कुजवायला सांगू. बाबासाहेबांनी नकार दिला. ज्याने संविधान लिहिले त्याने लोकांना मत वाया घालवायला सांगायचे नाही, ही त्यांची भूमिका होती. ते तिथेही हरले. सर्वसाधारण जागेवर मात्र अशोक मेहता निवडून आले.

आणि १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा उपाय म्हणून काय सुचवले? एकसदस्यीय मतदारसंघ काढून दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ करावेत आणि त्यांत संचयी मतदान ठेवावे. सहा वर्षांपूर्वी जी कल्पना त्यांनी सभागृहात बाजूला सारली होती, तीच. देशातल्या पहिल्या निवडणुका पाहून, स्वतः दोनदा हरून, त्यांनी विचार बदलला आणि तो छापून प्रसिद्ध केला. या गोष्टीचा मला अतिशय आदर वाटतो. दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१ मध्ये रद्द झाले. ते पुस्तक मात्र आजही मिळते, आणि त्यातली ती सूचना आजही कोणी उचललेली नाही.

आता आपल्या प्रभागाकडे येऊ. समजा एका प्रभागात २०,००० लोकांनी मतदान केले. एका पॅनलचे समर्थक ८,८००, दुसऱ्याचे ६,९००, तिसऱ्या गटाचे ४,३००. आजच्या नियमाने निकाल ४-०-०. बाकीचे ११,२०० लोक, म्हणजे निम्म्याहून अधिक प्रभाग, सभागृहाबाहेर. आता एकच बदल करा: चारही मते एकाला देता येतील. तिसरा गट एकच उमेदवार उभा करतो आणि त्याला १७,२०० मते पडतात. पहिल्या पॅनलने शहाणपणाने दोन उमेदवार दिले तर त्यांना प्रत्येकी १७,६००. दुसऱ्याने एक किंवा दोन दिले तरी त्यांचा किमान एक येतो. निकाल २-१-१. पहिल्या पॅनलने हाव धरून तीन उमेदवार दिले, तर त्यांची मते ११,७३३ प्रत्येकी अशी वाटली जातात, दुसऱ्या पॅनलचे दोन्ही उमेदवार १३,८०० मते घेऊन पुढे जातात आणि पहिल्याचा एकच उरतो. ही पद्धत मोठ्या पक्षाला त्याच्या वाट्याचे देते, वाट्याबाहेरचे घ्यायला गेला तर थांबवते. आणि तिचा हिशेब साधा आहे: चार जागांच्या प्रभागात ज्यांच्यामागे एक पंचमांशाहून जास्त मतदार एकवटून उभे आहेत, त्यांचा एक माणूस येणारच.

आरक्षणाचे काय, असे लगेच विचारले जाते. अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागांच्या ऐवजी चार जागांची एकच यादी करायची. राखीव गटातल्या आणि महिला उमेदवारांतल्या सर्वाधिक मतांच्या व्यक्तींनी आधी राखीव जागा भरायच्या, उरलेल्या मग सर्वांतून. १९३७ मध्ये राखीव जागा याच तत्त्वाने भरल्या होत्या. शिवाय आज राखीव जागेवरच्या बाईला 'आरक्षणातून आलेली' म्हणून हिणवतात. एका यादीत ती पुष्कळदा पुरुषांच्या पुढे मते घेऊन येईल, आणि ते सगळ्या प्रभागाला दिसेल.

पसंतीक्रमाने, म्हणजे १, २, ३ असे लिहून मत द्यावे, ही पद्धत याहूनही चांगली आहे, हे मी मान्य करतो. स्कॉटलंडमध्ये २००७ पासून स्थानिक परिषदांच्या निवडणुका मुख्यतः तीन किंवा चार सदस्यांच्या प्रभागांतून अशाच होतात, म्हणजे आकाराने थेट आपल्या प्रभागासारख्या. आपल्याकडेही ती परकी नाही. कोकण शिक्षक मतदारसंघातला मतदार पसंतीचे आकडे लिहितो. २०१७ मध्ये पनवेलचे बाळाराम पाटील त्यातूनच विधान परिषदेवर गेले. आणि आमदार स्वतः राज्यसभेसाठी असेच मतदान करतात. जून २०२२ आठवा. सहाव्या जागेवर शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मते होती, भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. पण भाजपच्या पहिल्या दोन उमेदवारांना ४८-४८ मते होती आणि निवडून यायला साधारण ४१ पुरेशी होती. त्यांची उरलेली मते दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे वळली आणि ते निवडून आले. त्या रात्री आमदारांनी अपूर्णांकांपर्यंत हिशेब केला. आपले मत वाया जाऊ नये याची एवढी काळजी त्यांच्यासाठी घेतली जाते, तर ती तुमच्या-माझ्यासाठीही घ्यावी, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

तरीही मी पहिले पाऊल म्हणून संचयी मत सुचवतो. पसंतीक्रमाला कागदी मतपत्रिका किंवा नवे यंत्र लागेल. पनवेलचा मतदार आजच चार मते देतो, आणि चार मते नोंदवणारी यंत्रेही आहेत. हवी आहे ती फक्त एकाच उमेदवारासमोर चार वेळा बटण दाबण्याची परवानगी.

सर्वांत गंभीर आक्षेप शेवटी घेतो, कारण त्याने मलाही बराच काळ अडवले आहे. लोक म्हणतात, अशाने प्रत्येक जात आपापला माणूस उभा करील आणि शहर जातीजातींत फुटेल. गावठाणातला आगरी, मोहल्ल्यातला मुसलमान, वसाहतीत आलेला घाटावरचा, उत्तरेकडचा, वाडीवरचा कातकरी, प्रत्येक जण वेगळा. हा धोका खोटा नाही. पण आज तिकीटवाटपाच्या बैठकीत जातीचाच हिशेब होतो, आणि तो बंद दाराआड होतो. ज्याची संख्या कमी त्याला पॅनलमध्ये जागा मिळाली तर ती वरच्याच्या मेहरबानीने मिळते; निवडून आल्यावर तो मतदाराला उत्तर देत नाही, मेहरबानी करणाऱ्याला देतो. दुसरे म्हणजे, एक पंचमांश मतदार हा छोटा आकडा नाही. एकट्या जातीच्या बळावर प्रभागात तो गाठणे कठीण. दुसऱ्यांना बरोबर घ्यावेच लागेल. १९३७ मध्ये टिपणीस, चित्रे यांच्यासारखे सवर्ण आणि राखीव जागांवरचे दलित एकाच पक्षातून आले, ते याच पद्धतीत. आणि कातकरी वाडीचा विचार करा. आज त्यांची मते मोजली जातात पण कोणाला लागत नाहीत. उद्या पंचमांशाच्या काठावर असलेल्या एखाद्या उमेदवाराला तीच दोनशे मते लागतील, आणि तो वाडीवर जाऊन बसेल.

बदल कसा करायचा? लोकसभा-विधानसभेसाठी संसद लागेल. ते काम मोठे आहे आणि ते व्हावे. महापालिकेसाठी मात्र ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यांना बरीच मोकळीक दिली आहे. जागा प्रभागांतून थेट निवडणुकीने भरल्या पाहिजेत, हे संविधान सांगते. प्रभागात किती सदस्य असावेत, हे राज्य कायद्याने ठरवते; इतक्या वेळा बदलून त्यानेच ते सिद्ध केले आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये विधिमंडळ दुरुस्ती करू शकते, आणि ती एका शहरापुरती प्रयोग म्हणूनही करता येईल. ती मागणी मुंबईहून येणार नाही, कारण ज्यांना आजची पद्धत फळते तेच तिथे बसतात. उद्या ते गेले तर त्यांच्या जागी येणाऱ्यांनाही ती फळलेली असेल. मागणी इथूनच गेली पाहिजे. पनवेल महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत तसा ठराव मांडता येतो. त्याला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. ते दोघे दोन वेगळ्या बाकांवरचे असावेत, एवढी विनंती करून मी थांबतो.